माहेर हुकलं, बाग उभी राहिली

२८ जानेवारी १९२८ रोजी इंग्लंडच्या केंट परगण्यात, नोल नावाच्या वाड्यात, तिसरे लॉर्ड सॅकव्हिल वारले. त्यांना एकच अपत्य होतं, मुलगी. व्हिटा तिचं नाव, कवयित्री आणि लेखिका, वय पस्तीस. ती याच वाड्यात जन्मली आणि १९१३ साली तिचं लग्नही इथल्या खासगी चॅपेलमध्येच लागलं. वडील गेले आणि किताब, वाडा, जमीनजुमला सगळं धाकट्या काकांकडे, चार्ल्सकडे गेलं. काकांनंतर ते चुलतभाऊ एडीला मिळणार हेही ठरलेलं होतं. यात कुणी लबाडी केली नाही, मृत्युपत्रात खाडाखोड झाली नाही. व्हिटा मुलगी होती, एवढंच.

सव्वादोन वर्षांनी तिने त्याच परगण्यात सिसिंगहर्स्ट नावाचं एक पडकं ठिकाण विकत घेतलं. आज जगभरातून लोक जी बाग बघायला येतात ती हीच. या बागेवर बरंच लिहिलं गेलंय आणि त्यातलं बहुतेक रंगसंगतीबद्दल असतं: पांढरी बाग, सूर्यास्ताच्या रंगांची बाग, गुलाब. ते वाचून माझं कधी समाधान झालं नाही. ही बाग कुणी आणि कशी केली याच्याआधी ती का करावी लागली हे विचारायला हवं, आणि त्याचं उत्तर फुलांत सापडत नाही. ते सॅकव्हिल घराण्याच्या कागदपत्रांत आहे.

बायकांच्या हातून आलेलं घर

नोल म्हणजे एखादं गावच. सात चौक, बावन्न जिने आणि तीनशे पासष्ट खोल्या, असं परंपरेने सांगतात. मोजणी कुणी केली ते सोडून द्या, पण आकाराची कल्पना येते. १४५६ साली कॅंटरबरीचे आर्चबिशप बर्शर यांनी ही जागा घेऊन इथे राजवाड्याच्या तोलाचं बांधकाम केलं. पुढे नोल राजघराण्याकडे गेलं आणि पहिल्या एलिझाबेथ राणीने ते आपल्या नात्यातल्या थॉमस सॅकव्हिलला दिलं. प्रत्यक्ष ताबा त्याला १६०३ साली मिळाला. तेव्हापासून ते सॅकव्हिलांचं घर.

पण ते बापाकडून मुलाकडे असं सरळ रेषेत आलं, हा समज चुकीचा आहे. १८१५ साली सॅकव्हिल घराण्यातले चौथे ड्यूक ऑफ डॉर्सेट अविवाहित असताना वारले. किताब एका दूरच्या भाऊबंदाकडे गेला आणि १८४३ मध्ये त्याच्याबरोबर संपला. नोल मात्र आधी चौथ्या ड्यूकच्या आईकडे, अ‍ॅराबेलाकडे, आणि तिच्यानंतर तिच्या दोन मुलींकडे, मेरी आणि एलिझाबेथकडे आलं. एलिझाबेथ वेस्ट घराण्यात दिलेली. 'सॅकव्हिल-वेस्ट' हे जोडआडनाव तिच्यामुळेच आलं. म्हणजे ज्या घराण्याने व्हिटाला 'मुलगी म्हणून नाही' असं सांगितलं, त्या घराण्याच्या हातात नोल आलं होतं ते एका मुलीमुळे. १८७६ साली एलिझाबेथच्या एका मुलासाठी सॅकव्हिल हा नवा किताब निर्माण झाला. वारस नसेल तर तो भावांकडे जाईल अशी खास तरतूद त्यात होती. मुलींसाठी नव्हती. आणि किताबाच्या मागोमाग वाडाही पुरुषवंशाला बांधला गेला.

'बांधला गेला' हे शब्दशः घ्यायचं. इंग्रज सरदारांत मिळकत पिढ्यान्‌पिढ्या अशी बांधून ठेवत की ज्याच्या ताब्यात ती असे तो खऱ्या अर्थाने मालक नसे, तहहयात वहिवाटदार असे. त्याला ती विकता येत नसे, आवडत्या मुलीच्या नावे करता येत नसे. जमिनीचे तुकडे पडू नयेत हा हेतू. आपल्याकडच्या वतनदार घराण्यांत थोरली पाती, धाकटी पाती यांचे वाद पिढ्यान्‌पिढ्या चालत, त्यामुळे ही भीती मराठी वाचकाला परकी वाटणार नाही. आणि मुलीच्या हक्काबाबत आपण फार पुढे होतो असंही नाही. हिंदू कुटुंबातल्या मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत जन्मतः वाटा महाराष्ट्रात १९९४ साली मिळाला आणि तो केंद्राच्या कायद्यात यायला २००५ साल उजाडलं. ब्रिटनमध्ये राजगादीसाठी मुलगा-मुलगी भेद २०१३ च्या कायद्याने काढला. सरदारी किताबांना मात्र बहुतांशी आजही जुनाच नियम आहे.

आईने केलेला सौदा

व्हिटाची आई व्हिक्टोरिया हे या प्रकरणातलं सगळ्यात विलक्षण पात्र. ती दुसऱ्या लॉर्ड सॅकव्हिलची मुलगी, पण लग्नाशिवाय झालेली. तिची आई पेपिता ही स्पेनमधल्या मालागाची नर्तकी. मुत्सद्दी असलेला सॅकव्हिल आणि पेपिता वर्षानुवर्षं एकत्र राहिले, त्यांना मुलं झाली, पण लग्न होऊ शकत नव्हतं, कारण पेपिताचं आधीच एका नर्तकाशी लग्न झालेलं होतं. व्हिक्टोरियाला मुलगी म्हणून नोल मिळण्याचा प्रश्नच नव्हता. तिने १८९० मध्ये वडिलांच्या पुतण्याशी, म्हणजे भावी वारसाशी लग्न केलं. मुलगी म्हणून जे बंद होतं, ते सून म्हणून उघडलं.

१९०८ मध्ये वडील वारल्यावर तिच्या सख्ख्या भावाने, हेन्रीने दावा लावला. आपल्या आईवडिलांचं लग्न झालं होतं, आपण औरस आहोत, नोल आपलं आहे, असं त्याचं म्हणणं. १९१० साली खटला उभा राहिला. नवऱ्याचं आणि पर्यायाने स्वतःचं घर राखायचं तर व्हिक्टोरियाला भर न्यायालयात सिद्ध व्हायला हवं होतं की तिची आई तिच्या वडिलांची बायको नव्हती आणि ती स्वतः अनौरस आहे. ते सिद्ध झालं, हेन्री हरला. नवराबायको नोलला परतले तेव्हा गावकऱ्यांनी घोडे सोडवून त्यांची गाडी स्वतः ओढत नेली.

व्हिटा तेव्हा अठराव्या वर्षात होती. त्या वयाच्या मुलीने हा सोहळा पाहिला आणि त्यातून तिला काय कळलं असेल याचा मी पुष्कळदा विचार केलाय. आजीचं नाव कोर्टात निघालं, मामा घराबाहेर गेला, आईने स्वतःचा जन्म पणाला लावला आणि एवढं करून जे घर वाचलं ते तिच्या वाट्याला येणारच नव्हतं.

नोलमध्ये तिच्या आधी अशीच एक बाई राहून गेली होती. लेडी अ‍ॅन क्लिफर्ड, १६०९ मध्ये तिसऱ्या अर्ल ऑफ डॉर्सेटशी लग्न करून नोलला आलेली. तिच्या वडिलांनी उत्तर इंग्लंडमधल्या जहागिरी एकुलत्या एक मुलीला डावलून भावाला दिल्या. वास्तविक त्या जमिनींचा जुना दस्त मुलगा-मुलगी न पाहता थेट वारसाला हक्क देणारा होता. अ‍ॅन लढली. नवऱ्याने दडपण आणलं, तिची लहान मुलगी तिच्यापासून दूर नेली. १६१७ मध्ये खुद्द राजा जेम्सने तिच्याविरुद्ध निवाडा दिला, तो तिने मान्य केला नाही. शेवटी १६४३ मध्ये चुलतभाऊ मुलगा मागे न ठेवता वारला आणि सगळं तिच्याकडे आलं, अडतीस वर्षांनी. मग तिने पडके किल्ले एकामागून एक दुरुस्त केले. या अ‍ॅनची रोजनिशी १९२३ मध्ये संपादित करून छापली ती व्हिटानेच. वडील अजून हयात होते. पुढे काय होणार हे माहीत असलेल्या मुलीने, तीन शतकांपूर्वी त्याच घरात बसून त्याच अन्यायाबद्दल लिहिणाऱ्या बाईची अक्षरं लावत बसावं, यातच मला तिचं मन दिसतं.

नोलशिवायची दोन वर्षं

आपल्याकडे 'माहेर तुटणं' म्हणतात, ते इथे झालं. मे १९२८ मध्ये तिने नवऱ्याला, हॅरॉल्ड निकल्सनला, लिहिलेलं पत्र आहे. अंधार पडल्यावर ती नोलला गेली आणि एकटीच बागेत फिरली, स्वतःलाच छळून घेतल्यासारखी. माहेरच्या बागेत रात्री, कुणी बघू नये अशा वेळी जाणं. मला या संपूर्ण प्रकरणात याहून जास्त लागणारा तपशील सापडलेला नाही.

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये तिची जिवलग, व्हर्जिनिया वुल्फ, हिची 'ऑर्लँडो' ही कादंबरी आली, व्हिटाला अर्पण केलेली. तिचा नायक शतकानुशतकं जगतो, मध्येच स्त्री होतो आणि घर त्याचं, म्हणजे तिचंच, राहतं. न्यायालयाने जे दिलं नसतं ते मैत्रिणीने कागदावर दिलं. त्या कादंबरीचं हस्तलिखित आज नोलमध्येच आहे.

व्हिटा आणि हॅरॉल्ड १९१५ पासून नोलजवळ लाँग बार्न नावाच्या जुन्या घरात राहत होते. दोन मुलगे, पहिली बाग, पहिल्या चुका तिथल्याच. दोघांनाही लग्नाबाहेर, समलिंगी, गाढ प्रेमप्रकरणं होती, ती एकमेकांना ठाऊक होती, आणि तरी त्यांचा संसार आयुष्यभर टिकला. ते लपवायचं कारण नाही, आणि त्यातच रमायचंही नाही. हॅरॉल्ड तेहरानच्या वकिलातीत असताना १९२६ मध्ये ती हिंदुस्थानमार्गे इराणला गेली. तिथल्या भिंतींआडच्या बागांबद्दल तिने मनापासून लिहिलंय: बाहेर रखरखाट, दाराच्या आत पाणी आणि सावली. ही कल्पना तिच्या डोक्यात घर करून राहिली असं मला वाटतं.

मग लाँग बार्नशेजारच्या जमिनीवर कोंबड्यांचं फार्म होणार असं कानावर आलं आणि जागेचा शोध सुरू झाला.

उकिरड्यातला मनोरा

४ एप्रिल १९३० रोजी व्हिटाने सिसिंगहर्स्ट पहिल्यांदा पाहिलं. सोळाव्या शतकातल्या भव्य वाड्यापैकी उरलेलं होतं ते एवढंच: विटांचा उंच मनोरा, समोरची लांबलचक दरवाजा-इमारत, दोन सुट्या कौलारू घरं, काही भिंती आणि खंदकाचे दोन हात. अठराव्या शतकात सप्तवार्षिक युद्धाच्या काळात इथे फ्रेंच युद्धकैदी डांबले होते, त्यांच्यामुळेच 'कॅसल' हे नाव चिकटलं. नंतर इथे गावातल्या निराधारांची वसाहत झाली, मग शेतमजुरांची. राहण्याजोगं सलग घर नव्हतं, नळ नव्हता, वीज नव्हती. व्हिटा एका नजरेत गुंतली. हॅरॉल्ड बिचकला, आकडेमोड करत राहिला, शेवटी तयार झाला. सुमारे चारशे एकर शेतजमिनीसकट किंमत पडली १२,३७५ पौंड.

हॅरॉल्डचं मन वळवणारं एक कारण होतं आणि सगळं प्रकरण माझ्या मते त्यावर फिरतं. हा वाडा बेकर घराण्याचा. १५५५ मध्ये सर जॉन बेकर यांची मुलगी सिसली हिचं लग्न थॉमस सॅकव्हिलशी झालं, म्हणजे ज्याने नोल घराण्यात आणलं त्याच्याशी. सिसिंगहर्स्ट हे नोलच्या पहिल्या सॅकव्हिल मालकिणीचं माहेर. स्वतःच्या माहेरातून बाहेर पडलेली व्हिटा पणज्यांच्या पणजीच्या माहेरात शिरली. पुरुषवंशाची शिडी तिला बंद होती, तर ती आईकडच्या, आजीकडच्या जिन्याने वर गेली.

पैशाची बाजूही बघण्यासारखी आहे. हॅरॉल्डने परराष्ट्र खातं नुकतंच सोडलेलं, वर्तमानपत्रातली नोकरी त्याला रुचत नव्हती. खरेदी झाली त्याच महिन्यात, मे १९३० मध्ये, व्हिटाची एक कादंबरी प्रसिद्ध झाली आणि धडाक्याने खपली. तिचा विषय होता थोडं नाव बदललेलं नोल. हातातून गेलेल्या घरावर लिहून मिळालेला पैसा नव्या घराच्या डागडुजीला लागला.

पहिली तीन वर्षं गेली ती साफसफाईत. गंजलेलं लोखंड, जुने पलंग, नांगराचे फाळ, कोबीची खुंटं, मोडकी शौचालयं, तारांची भेंडोळी, सार्डिनच्या रिकाम्या डब्यांचे ढीग, आणि या सगळ्यावर वेलतण आणि अंगाला झोंबणारं रान. त्या रानात एक जुना गर्द जांभळट-लाल गुलाब तग धरून होता, त्याला आज सिसिंगहर्स्टचंच नाव आहे. आणि व्यवहाराचे कागद पुरे होण्याआधीच व्हिटाने दक्षिणेकडच्या घराच्या भिंतीशी 'मादाम आल्फ्रेद कारिएर' या पांढऱ्या वेलगुलाबाचं रोप लावून टाकलं. नांव सातबाऱ्यावर चढण्याआधी बांधावर आंबा लावणाऱ्याची घाई ती हीच.

आखणी त्याची, लावणी तिची

हॅरॉल्डला सरळ रेषा हव्या होत्या आणि जागा तर तिरपी. चौक चौकोनी नाही, भिंती एकमेकींना समांतर नाहीत, मनोरा कशाच्याच समोर येत नाही. त्याने चौकटीच्या कागदावर आखणी केली, दोरी आणि खुंट्या घेऊन लहान मुलाला उभं केलं, आणि यू या सदाहरित झाडांच्या कुंपणांनी तो तिरपेपणा असा झाकला की चालणाऱ्याला कळत नाही. गुलाबबागेच्या मधोमध यूचं एक मोठं वर्तुळ आहे, त्याला 'रॉन्डेल' म्हणतात. बिअरसाठी लागणारी हॉप्स वाळवण्याच्या गोल भट्टीवरून केंटच्या बोलीतला हा शब्द घेतला. अशा बारक्या गोष्टींत मला हॅरॉल्ड आवडतो.

व्हिटाचा स्वभाव याच्या उलट. सापडेल त्या फटीत रोप खुपस, भिंत दिसू देऊ नकोस, गुलाब छाटू नकोस, पसरू दे. एकाच्या शिस्तीवर दुसरीची उधळण, असं हे जमलं. सगळंच जमलं असंही नाही. १९३५ मध्ये ग्रीसमधलं डेलॉस बेट पाहून आल्यावर तिथल्यासारखा दगडाळ कोपरा करायचा प्रयत्न झाला. उत्तरेकडचा उतार, चिकणमाती, केंटचा पाऊस, तो फसला.

सरळ बघितलं तर ही बाग म्हणजे छप्पर नसलेल्या खोल्या आहेत. दारं, दालनं, लांब सज्जे, एका चौकातून दुसऱ्या चौकात. राहणंही तसंच. निजायच्या खोल्या एका घरात, मुलं आणि जेवणघर बागेपलीकडच्या दुसऱ्या घरात, व्हिटाची लिहायची खोली मनोऱ्यात. जेवायला जायचं तर पाऊस असो, बर्फ असो, बागेतूनच जायचं. पाहुण्यांसाठी खोली मुद्दाम ठेवली नाही. सात चौकांच्या घरात वाढलेल्या मुलीने चौक परत उभे केले, या वेळी विटांऐवजी झाडांचे. हा माझा अर्थ आहे, तिने कुठे असं लिहून ठेवलेलं नाही. पण सहा एकरांच्या आतबाहेरच्या या जागेत चालणं मनात उभं करताना मला दुसरं काही सुचत नाही.

पांढरी बाग पांढरीच का, हे कोडंही याच राहणीतून सुटतं. ती जेवणघराच्या वाटेवर आहे. संध्याकाळी, दिवेलागणीनंतर, ज्या वाटेने रोज जायचं तिथे लाल आणि निळं काळवंडतं, पांढरं आणि राखी मात्र उजळत जातं. कल्पना १९३९ च्या डिसेंबरची, पण युद्ध आडवं आलं. हिरवळीवर गवत माजलं, माळी सैन्यात गेले. लावणी झाली ती १९४९-५० मध्ये. पुढच्या उन्हाळ्यात संधिप्रकाशात या फिक्या बागेवरून पांढरं घुबड आवाज न करता तरंगत जाईल अशी आशा तिने तेव्हाच्या आपल्या सदरात लिहिली. ऑब्झर्व्हर साप्ताहिकातलं हे बागकामाचं सदर १९४६ पासून पंधरा वर्षं चाललं. कवितेसाठी मिळालेले शंभर पौंड तिने खंदकाकाठी अझेलिया लावण्यात घातले.

१ मे १९३८ पासून एक शिलिंग घेऊन बाग लोकांना खुली झाली. येणाऱ्यांना ती 'शिलिंगवाले' म्हणायची आणि त्यांच्याशी माती-खतावर तासन्‌तास बोलायची. वर्गाभिमान तिच्यात पुरेपूर होता, जी व्यवस्था तिला बाहेर ठेवत होती तिच्यावर तिचं प्रेमही होतं. तिच्या बंडखोरीचं चित्र रंगवणाऱ्यांनी हे विसरू नये. तिच्याकडे पैसा होता, माळी होते, वेळ होता. पण बागेच्या बाबतीत शिलिंग देऊन आलेला कारकून आणि ती एका पातळीवर उभे राहत.

पाटी

१९४४ च्या फेब्रुवारीत नोलजवळ बाँब पडून खिडक्या फुटल्या. नोल मनातून उपटून टाकलं असं मी स्वतःला पटवते आणि त्याला जरा काही झालं की सगळ्या नसा जाग्या होतात, अशा अर्थाचं तिने हॅरॉल्डला कळवलं. सोळा वर्षं झाली होती.

दोनच वर्षांनी, १९४६ मध्ये, काका चार्ल्स यांनी नोल नॅशनल ट्रस्टच्या, म्हणजे जुन्या वास्तू जपणाऱ्या संस्थेच्या, स्वाधीन केलं. कर आणि देखभाल यांपुढे पुरुषवारसालाही ते झेपलं नाही. घराणं आजही तिथे एका भागात राहतं. मग १९५४ मध्ये धाकट्या मुलाने, नायजेलने, सिसिंगहर्स्टही पुढेमागे ट्रस्टला द्यावं का असं विचारलं तेव्हा व्हिटा उसळली. कधीच नाही, माझ्या दारावर ट्रस्टची ती धातूची पाटी नको, मी मेल्यावर हवं ते कर, नोल गमावलं तेवढं पुरे झालं, असं तिने रोजनिशीत लिहिलं.

२ जून १९६२ रोजी ती सिसिंगहर्स्टमध्येच वारली. अस्थी ससेक्समधल्या विदियम गावच्या चर्चमध्ये, सॅकव्हिलांच्या तळघरात ठेवल्या. नायजेलने मृत्युकराच्या ओझ्यापोटी १९६७ मध्ये बाग ट्रस्टला दिली. आता दोन्ही घरांवर तीच पाटी आहे.

मालकी अशी गेली, पण बाग कुणाच्या हाती गेली हे वेगळं सांगायला हवं. मृत्यूच्या तीन वर्षं आधी, १९५९ मध्ये, व्हिटाने पामेला श्वेर्ट आणि सिबिल क्रॉइट्सबर्गर या दोन तरुणींना प्रमुख माळी म्हणून नेमलं होतं. दोघी वॉटरपेरीच्या मुलींसाठीच्या बागकाम शाळेत शिकलेल्या. व्हिटाच्या वेळी बाग जूनमध्ये भरात यायची आणि गुलाब ओसरले की दमायची. या दोघींनी तिचा हंगाम वसंतापासून शरदापर्यंत ताणला, तण आटोक्यात आणलं, नव्या जाती आणल्या, यूची कुंपणं धारदार ठेवली. त्या १९९० पर्यंत, एकतीस वर्षं, तिथे होत्या.